चिकन-भातात नेमकं काय कमी पडतं? कुत्र्याच्या घरच्या जेवणाचा हिशेब

कुत्रा असलेल्या बहुतेक मराठी घरांत त्याचं जेवण ठरलेलं असतं: दूध-पोळी, वरण-भात, नाहीतर उकडलेलं चिकन आणि भात. यातल्या चिकन-भाताला सगळ्यांत जास्त मान. पोट बिघडलं की डॉक्टरसुद्धा दोन-तीन दिवस तेच द्यायला सांगतात, त्यामुळे हेच कायमचं चालेल असा समज होतो. दोन-तीन दिवसांसाठी ते उत्तमच आहे. वर्षानुवर्षं तेवढंच दिलं, तर मात्र शरीरात काही गोष्टींची तूट साचत जाते आणि ती बाहेरून कळत नाही. कुत्रा वाटी चाटूनपुसून साफ करतो, शेपटी हलवतो, वजनही बरं असतं. मालकाला वाटतं, सगळं झकास चाललंय.

घरचं जेवण द्यावं की नाही, या वादात मी द्यावं या बाजूचा आहे. ताजं मांस, ताज्या भाज्या, काय घातलं याची पूर्ण माहिती आणि खाणाऱ्याची चव सांभाळणं, हे सगळं घरात जमतं. फक्त ते 'अंदाजपंचे' जमत नाही. वजनकाटा लागतो आणि थोडी बेरीज-गुणाकार.

किती चुकतं याचा एक अंदाज घ्या. २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि ८३ टक्क्यांहून जास्त पाककृतींत एकापेक्षा अधिक घटक कमी होते. कित्येक पाककृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. 'मी रोज वेगवेगळं देतो, त्यामुळे भरून निघतं' हा युक्तिवादही इथे टिकत नाही, कारण बहुतेक पाककृतींत कमी पडणारे घटक तेच ते होते. सोमवारी जे नव्हतं ते गुरुवारीही नव्हतं.

आधी भाताबद्दलची भीती काढून टाकू. 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य पचत नाही' असं हल्ली बरंच ऐकू येतं. २०१३ सालीच स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे जनुक ताडून पाहिले. पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीच्या काठाने राहता राहता कुत्र्याचं पोट बदललं. नीट शिजलेला भात, ज्वारीची भाकरी, रताळं त्याला पचतं. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे.

किती द्यायचं?

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला त्यानेच दोनदा गुणा, म्हणजे वजनाचा घन मिळेल. त्याचं वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा. मग ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी इतक्या. नसबंदी झालेल्या, बेताचं फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.४ ते १.६ ने गुणायचं.

आपल्याकडची देशी कुत्री साधारण १५ किलोची असते, तेच उदाहरण घेऊ. १५ चा घन ३३७५, वर्गमूळ ५८, त्याचं पुन्हा वर्गमूळ ७.६. गुणिले ७० म्हणजे साधारण ५३०. दीडने गुणलं की दिवसाला ८०० कॅलरीच्या आसपास.

आता या ८०० कॅलरींचं ताट मांडू. सगळी वजनं शिजवल्यानंतरची आहेत. बोनलेस चिकन, मांडीचं, कातडी काढलेलं, २०० ग्रॅम (कच्चं पावणेतीनशेच्या आसपास घ्यावं लागेल): ३५० कॅलरी. भात २०० ग्रॅम: २६०. लाल भोपळा किंवा दुधी १०० ग्रॅम: २५-३०. एक उकडलेलं अंडं: ७५. कोंबडीची कलेजी १५ ग्रॅम: २५. करडईचं तेल एक छोटा चमचा: ४०. बेरीज ७८० च्या जवळ जाते.

प्रथिनं सगळी मिळून ६५ ग्रॅमच्या आसपास होतात. प्रौढ कुत्र्याला दर हजार कॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम लागतात, म्हणजे इथे गरजेपेक्षा भरपूर आहेत. करडईचं तेल मुद्दाम घेतलं आहे. कातडी आणि केसांसाठी कुत्र्याला लिनोलिक आम्ल लागतं, ते नेहमीच्या करडई तेलात ठासून भरलेलं असतं. खोबरेल तेलाची हल्ली बरीच जाहिरात होते, पण त्यात ते जवळजवळ नसतंच.

इथवर आलेलं ताट पाहून कुणीही म्हणेल, झालं की! मांस आहे, अंडं आहे, कलेजी आहे, भाजी आहे.

कॅल्शियम: सगळ्यांत मोठं भगदाड

या ताटातलं कॅल्शियम मोजू. २०० ग्रॅम चिकनमध्ये २५ मिलिग्रॅम, भातात २०, भोपळ्यात २०, अंड्यात २५. कलेजीत नावापुरतं. एकूण १०० मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. या कुत्रीची गरज आहे सुमारे १००० मिलिग्रॅम, कारण दर हजार कॅलरीमागे सव्वा ग्रॅम हा प्रौढ कुत्र्यांसाठीचा रूढ निकष आहे. म्हणजे इतक्या छान ताटातून गरजेचा दहावा भागच मिळतोय.

दुसरीकडे फॉस्फरस भरपूर आहे. मांस, कलेजी, अंडं सगळ्यांत तो असतो, मिळून साडेसहाशे मिलिग्रॅमच्या घरात. शरीराला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं असतं, जास्तीत जास्त दुप्पट. आपल्या ताटात प्रमाण नेमकं उलटं आहे, फॉस्फरस कॅल्शियमच्या सहा-सातपट.

जंगलात हा प्रश्न येत नाही, कारण शिकार करणारा प्राणी हाडांसकट खातो. आपण चिकनवाल्याकडून 'बोनलेस' आणतो आणि हाडांबरोबर कॅल्शियमही दुकानातच राहतं.

मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम एका ठरलेल्या पातळीला असावंच लागतं, नाहीतर स्नायू आणि हृदय नीट चालणार नाही. जेवणातून आलं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि हाडांमधून कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. हाडं ही शरीराची तिजोरी, आणि पगार थांबला की घर तिजोरीतून चालतं. म्हणूनच 'रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल आलंय' यावर विसंबता येत नाही. रक्तातला आकडा बरेचदा शेवटपर्यंत नॉर्मलच राहतो, हाडं मात्र आतून विरळ होत जातात. जबड्याचं हाड मऊ पडतं, दात हलू लागतात, चालताना दुखतं. पिल्लांमध्ये तर सोफ्यावरून उडी मारली एवढ्यानेही हाड मोडू शकतं.

यावर घराघरांत दोन उत्तरं मिळतात. पहिलं: 'आम्ही दूध देतो ना!' गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कमी पडणारे ९०० मिलिग्रॅम दुधातून भरून काढायचे तर रोज पाऊण लिटर दूध पाजावं लागेल. मोठ्या झालेल्या बहुतेक कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज फार कमी उरतं, त्यामुळे एवढ्या दुधाने जुलाब ठरलेले. थोडं ताक किंवा दही पोटाला त्यापेक्षा सोसतं, पण त्यानेही हिशेब पूर्ण होत नाही.

दुसरं उत्तर: 'नाचणी घालतो.' नाचणी गुणी धान्य आहे यात शंका नाही. १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुसऱ्या कुठल्याही धान्यात इतकं नाही. तरी ९०० मिलिग्रॅमसाठी अडीचशे ग्रॅम पीठ लागेल, आणि तेवढ्या पिठात आठशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दिवसभर नुसती नाचणीच! शिवाय धान्यातलं फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे सगळं अंगी लागत नाही ते वेगळंच.

खरं उत्तर आपण रोज कचऱ्यात टाकतो, ते म्हणजे अंड्याचं टरफल. ते जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्यात वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम भरतं. फॉस्फरस नगण्य, म्हणून बिघडलेलं प्रमाण दुरुस्त करायला अगदी योग्य.

पूड करायची पद्धत अशी. टरफलं धुवा, पाण्यात दहा मिनिटं उकळा, निथळून कोरडी करा. जाड तव्यावर मंद आंचेवर भाजून खडखडीत होऊ द्या. गार झाली की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. चिमूट बोटांत घासून बघा, पिठासारखी लागली पाहिजे. कण टोचले तर पुन्हा फिरवा, कारण टोचणारे कण आतड्यालाही टोचतील. बरणीत कोरडी ठेवली की ही पूड बरेच दिवस टिकते.

आपल्या ताटाला अडीच ग्रॅम पूड पुरते, म्हणजे अगदी सपाट अर्धा छोटा चमचा. त्यातून साडेनऊशे मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. एकूण कॅल्शियम हजाराच्या थोडं वर गेलं, फॉस्फरस साडेसहाशे, प्रमाण दीडाच्या आसपास. इतक्या मोठ्या भगदाडाला इतकं स्वस्त बूच, आणि तरी ते कुणी लावत नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

बाजारातलं कॅल्शियमचं सिरप आणणार असाल तर लेबल वाचा. दोन गोष्टी पाहायच्या: एका चमच्यात नेमकं किती मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि त्याबरोबर फॉस्फरस घातलाय का. फॉस्फरस आपल्याकडे आधीच जास्त आहे, त्यात आणखी भर नको.

बाकीची गळती

कॅल्शियम भरलं तरी ताट पूर्ण होत नाही. जस्त गरजेच्या निम्म्याच्या आसपासच मिळतं. अधूनमधून चिकनऐवजी मटण दिलं तर ते वाढतं, पण पुरेसं होतंच असं नाही. ई जीवनसत्त्व तोकडं पडतं.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की सकाळचं कोवळं ऊन दिलं की झालं. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. त्यासाठी लागणारा कच्चा पदार्थच तिथे फार कमी असतो. कुत्रा उन्हात पाय पसरून पडतो ते त्याला आवडतं म्हणून, आणि पडू द्यावं. ड मात्र त्याला जेवणातूनच मिळायला हवं. एका अंड्यातून गरजेचा काही भाग येतो. बांगडा किंवा तारली आणखी थोडा देतात, वर ओमेगा-३ सुद्धा. मासा उकडून, काटे पूर्ण काढून द्यायचा.

आयोडिनचं तसंच. 'आयोडिनयुक्त मीठ चिमूटभर घालतो' याने काही साधत नाही. आपल्याकडच्या मिठात एका ग्रॅममागे १५ ते ३० मायक्रोग्रॅम आयोडिन असतं आणि या कुत्रीला रोज दोनशेच्या घरात लागतं. एवढं मीठ कुणी कुत्र्याला घालणार नाही, घालूही नये.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: घरचं जेवण कायमचं द्यायचं असेल, तर घरच्या जेवणाचा समतोल साधण्यासाठीच बनवलेली जीवनसत्त्व-खनिजांची पूड त्यात हवी. साधं मल्टिव्हिटॅमिन टॉनिक हे काम करत नाही. ते तयार खाण्यावर वरून द्यायला बनवलेलं असतं, त्यातल्या मात्रा थोड्या असतात. समतोलाच्या पुडीवर किती ग्रॅम मांसाला किंवा किती कॅलरीला किती पूड, हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि बहुतेकदा कॅल्शियमही तिच्यातच असतं. तसं असेल तर टरफलाची पूड वेगळी घालायची नाही. दोन्ही घातली की दुप्पट होईल.

शाकाहारी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. अंडं चालत असेल तर काम पुष्कळ सोपं होतं: अंडी, पनीर, दही, मऊ शिजवलेली मूगडाळ आणि भात यांतून प्रथिनं भागवता येतात. कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. अंडंही चालत नसेल तर मात्र नुसत्या वरण-भातावर, दूध-पोळीवर ठेवू नका. तिथे तज्ज्ञाने आखून दिलेलं जेवणच हवं.

आपल्या पातेल्यातलं काय नको

फोडणी झाल्यावरचं काहीही नको, हा सोपा नियम. कांदा आणि लसूण यांतली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत. कुत्र्याच्या एका किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की त्रास होऊ शकतो. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साचत जातं. रस्श्यातला चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचा अर्क आत मुरलेला असतो. कुत्र्याचं चिकन मसाला घालायच्या आधीच वेगळं काढा.

द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांनी २०२१ साली याचा संशय द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर घेतला. हेच आम्ल चिंचेत ठासून असतं, म्हणून चिंचेची आमटी, चिंचेचं सार आणि भेळेची चटणीही दूर ठेवा. चॉकलेट नको. शुगरफ्री गोळ्या, च्युइंगगम आणि काही पीनट बटरमध्ये असलेलं झायलिटॉल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर खाली आणतं. ते खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

शिजवलेलं हाड, मग ते मटणाची नळी असो की कोंबडीची तंगडी, नको. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. दिवाळीच्या दिवसांत तुपातलं, तळलेलं खाऊ घालून स्वादुपिंडाला सूज येते, तेही टाळा. 'एक चकली काय होतंय' म्हणणारे पाहुणे घरात चार असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पिल्लांसाठी वेगळा कायदा

वर मांडलेलं ताट प्रौढ, निरोगी कुत्र्याचं आहे. ते पिल्लाला लावू नका, प्रमाण कमी-जास्त करूनही नाही. वाढत्या वयात दर हजार कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे प्रौढाच्या दुपटीहून जास्त. मात्र लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत ते साडेचार ग्रॅमच्या वरही जाता कामा नये. प्रौढ कुत्र्याचं आतडं जादा कॅल्शियम बऱ्याच अंशी अडवतं. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते जमत नाही, आलेलं बरंचसं आत घेतलं जातं आणि सांधे-हाडं वेडीवाकडी वाढतात. कमी पडलं तरी पाय वाकतात, जास्त झालं तरी. म्हणून पिल्लाला वाढ पूर्ण होईपर्यंत त्याच्या वयासाठी बनवलेलं तयार खाणं देणं मला जास्त सुरक्षित वाटतं. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारातल्या जाणकाराकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या कुत्रीचंही तेच.

मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाची सूज किंवा मुतखडा झालेल्या कुत्र्यालाही हे ताट चालणार नाही. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी करावा लागतो, तर स्वादुपिंडाच्या आजारात चरबी. प्रत्येकाचं गणित वेगळं.

निरोगी कुत्र्याचं जेवण बदलतानाही एका दिवसात बदलू नका. सात ते दहा दिवस घ्या, जुन्यात थोडं नवं मिसळत मिसळत पुढे जा. दिवसाचं जेवण दोन वेळांत विभागा. शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन दिवसांपर्यंत, त्याहून जास्त करायचं तर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. समतोलाची पूड वाढताना घाला, शिजवताना नको, कारण काही जीवनसत्त्वं उष्णतेने जातात.

दर महिन्याला वजन करा. बरगड्यांवरून हात फिरवा: हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत, नजरेला ठळक दिसता कामा नयेत. लागतच नसतील तर आधी भात कमी करा. आणि दवाखान्यात जाताना 'घरचंच देतो' एवढं न सांगता कागदावर लिहून न्या: काय, शिजवलेलं की कच्चं, किती ग्रॅम, कुठली पूड, किती चमचे. मधल्या बिस्किटांसकट. बिस्किटं, पोळीचे तुकडे आणि येता-जाता दिलेलं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कुत्रीसाठी ८० कॅलरींच्या आत बसलं पाहिजे. एक मध्यम पोळी तेवढ्याची किंवा त्याहून थोडी जास्तच होते.